तिच्या नावापुढे दोन फेऱ्या

२५ सप्टेंबर १९७८, सोमवार

चार हजार पाकिटं आज टपालात पडली. शेवटचं पोतं गाडीत चढलं तेव्हा आम्ही चौघीजणी खिडकीशी उभ्या होतो, कुणाला बोटीवर पोचवायला आल्यासारख्या. प्रत्येक पाकिटात एक फॉर्म, एक आखूड पेन्सिल आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. विचारायचं एवढंच, की १० ऑक्टोबरच्या मंगळवारी तुमच्या घरातलं कोण कुठे गेलं, कशाने गेलं आणि कशासाठी.

घरटी एकच फॉर्म ही सूचना माझी. पूर्वी आमची वाहतूक-नियोजन कचेरी माणशी एक पान पाठवायची. लोक कंटाळायचे, चारातलं एकसुद्धा धड परत येत नसे. वसंतात मी भीत भीत म्हटलं, कुटुंबप्रमुखाच्या नावाने एकच पाठवू, तो सगळ्यांचं लिहील. आमच्या प्रमुखांनी, ब्रँडविकसाहेबांनी, सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन "उत्तम" म्हटलं. अठरा वर्षं मी इथे लोकांच्या उत्तरांना आकडे देते, पण असं प्रथमच घडलं. ही वही त्याच आनंदात विकत घेतली.

राइनोला सांगितलं. "बरं," म्हणाला. एप्रिलात बंदराच्या धक्क्यावरच्या कामावरून कमी केल्यापासून माझा नवरा दिवसाला दहा-बारा शब्दांत भागवतो. लाकडं फोडतो, जेवतो, झोपतो. लाकडं मात्र मला वाटतं तेवढी वाढलेली दिसत नाहीत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

शंभरातले बासष्ट परत आले! शिकागोहून आलेले सल्लागार डॉ. एम्स म्हणाले, इतका प्रतिसाद त्यांनी देशात कुठे पाहिला नाही. "तुमची माणसं फार प्रामाणिक आहेत, मिसेस कोस्केला."

मी लाजून "हो" म्हटलं, जणू सगळ्यांना मीच वाढवलंय.

व्हर्ना माझ्या शेजारच्या टेबलावर संगणकासाठी कार्डं पंच करते. तिने कानाशी येऊन विचारलं, "प्रामाणिक की रिकामटेकडी? निम्मे पुरुष घरी बसलेत, दुसरं काय लिहिणार बिचारे!"

"व्हर्ना!"

"माझा बाप पण बसलाय, मला म्हणायचा हक्क आहे."

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज तक्ते निघाले.

शहराच्या पश्चिम टोकाला, म्हणजे आमच्याकडे, बायका बसने जवळजवळ जातच नाहीत असं निघालं. कामावर एक फेरी, घरी एक फेरी, आणि पुष्कळजणींच्या नावापुढे तीही नाही. दुपारी तर सगळा भाग झोपलेला. डॉ. एम्सनी नऊ नंबरच्या बसवर लाल रेघ मारली. १४ डिसेंबरला वाहतूक मंडळापुढे सुनावणी, आणि ठराव मंजूर झाला तर नव्या वर्षापासून बस बंद.

नऊ नंबर! माझी सासू, जिला सगळी गल्ली मम्मू म्हणते, तिच्या दाराशी येणारी दुसरी गाडी नाही. पूर्वेकडच्या मोठ्या घरांत साफसफाईला जाणाऱ्या, इस्पितळात रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्या सगळ्या हिच्यातूनच जातात. सकाळी मला स्वतःला कितीदा उभं राहावं लागतं. पण माझं उभं राहणं म्हणजे काही पुरावा नव्हे. डॉ. एम्स हेच म्हणाले, आणि फार सौम्यपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. "आपल्याला दिसतं ते एक असतं, बासष्ट टक्के सांगतात ते वेगळं असतं."

बरोबरच आहे त्यांचं. गेली अठरा वर्षं मीही नव्या मुलींना हेच शिकवत आले.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहू की नको, तासभर ठरत नव्हतं.

आज उशिरा आलेल्यांच्या गठ्ठ्यात आमच्याच घरचा फॉर्म आला. फॉर्म आमच्याकडे आला होता हे मला माहीतही नव्हतं. नाव छापलेलं नसतं, फक्त क्रमांक, पण ते तिरके, एका उंचीचे आकडे मी चोवीस वर्षं पाहतेय.

'दुसरी व्यक्ती, स्त्री, वय ४६. कामावर. घरी.'

एवढंच. त्या मंगळवारी मी काय काय केलं ते आठवून बसले. सकाळी औषधाच्या दुकानापाशी उतरले, मग पुढची बस घेऊन कचेरी. दुपारच्या सुट्टीत राइनोच्या चष्म्याची काच बदलायला गेले. संध्याकाळी मम्मूकडे, तिला आंघोळ घातली. तिथून मासेवाल्याकडे, तिथून चर्चमध्ये गाण्याची तालीम, मग घर. आठ फेऱ्या, त्यातल्या पाच बसने. माझा नवरा खोटं बोलणारा नाही. त्याने त्याला माहीत असलेलं लिहिलं, आणि त्याला जे माहीत होतं ते दोन शब्दांत मावलं.

मग लख्ख दिसलं. हे फक्त राइनोचं नाही. एकच फॉर्म, कुटुंबप्रमुखाच्या नावाने. घरी बसलेला पुरुष पेन्सिल तासून टेबलाशी बसतो आणि बायकोचा दिवस लिहितो. कामावर. घरी. इथली माणसं लगेच उत्तर पाठवतील, तिकीट वाया घालवणार नाहीत, पण बायकोला "तू कुठे कुठे गेलीस?" असं विचारणार नाहीत. विचारणं म्हणजे संशय घेणं. आमच्यात नवरे विचारत नाहीत, यालाच आम्ही चांगला नवरा म्हणतो.

आणि ही युक्ती माझी होती.

पहिल्या व्यक्तीचा, म्हणजे त्याचा रकानाही वाचला. वाचायला नको होता, पण वाचणं हेच माझं काम आहे. '१०.१५, घर ते शेवटचा थांबा, बस ९. ११.२०, शेवटचा थांबा ते घर, बस ९.' दुपारी पुन्हा तेच. कारणाच्या ओळीत 'इतर'वर खूण, आणि पुढची जागा कोरी.

मी त्याला 'इतर'चा आकडा दिला आणि पुढचा फॉर्म उचलला.

४ नोव्हेंबर, शनिवार

नेहमीसारखे सौनात, परसातल्या वाफेच्या खोलीत बसलो. राइनोने दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली. अंधुक असलं की आमच्याकडे जरा बोलता येतं.

म्हटलं, "तो फॉर्म तू भरलास. मी त्या मंगळवारी कुठे गेले होते सांग."

"कामावर. मग घरी."

"मम्मूला आंघोळ कुणी घातली?"

त्याने पळी बादलीत ठेवली. मग म्हणाला, "ते पण धरायचं असतं? माझ्याच आईकडे जाणं?"

"बसने गेले ना मी."

"मला वाटलं ते घरातलंच."

"आणि तुझ्या चष्म्याची काच? ती काय उडत आली?"

तो हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा त्याला हसताना ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे सगळ्यांनी माझ्यासारखंच लिहिलं असणार?"

"मला तसंच वाटतं."

"आणि त्यावरून नऊ नंबर बंद?"

"हो."

तो उठला, आणखी एक पळी पाणी टाकलं. त्याच्या स्वतःच्या रकान्याविषयी मी काही बोलले नाही. चोवीस वर्षांत तो मला "कुठे गेलीस" म्हणाला नाही. मीही म्हणणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल.

६ नोव्हेंबर, सोमवार

ब्रँडविकसाहेबांच्या खोलीत गेले. खाली पाहत एका दमात सांगून टाकलं, की सूचना माझी, चूक माझी, चाळीस घरी जाऊन बायकांनाच विचारू द्या.

"बासष्ट टक्क्यांचं मी मंडळाला पत्र पाठवलंय, बाई."

"परत किती आले ते बरोबर आहे, साहेब. परत काय आलं ते बघायचंय."

त्यांनी पाइप विझवला, परत पेटवला. "कचेरीच्या वेळेत नाही. आणि तुमच्या ओळखीची घरं निवडायची नाहीत."

"व्हर्ना डोळे मिटून कार्डं काढेल."

"ती मिटेल का पण?"

म्हणजे हो!

८ नोव्हेंबर, बुधवार

बुधवारीच जायचं ठरवलंय, म्हणजे "काल" म्हणजे मंगळवार. मंगळवारची तुलना मंगळवारशीच व्हायला हवी. "तुम्ही किती फेऱ्या केल्या" असं विचारायचं नाही, आणि नऊ नंबरचा तर उच्चारसुद्धा करायचा नाही. "काल उठल्यावर आधी काय केलंत?" एवढ्यावर सुरुवात. पुढचं त्यांच्या तोंडून आपोआप येतं.

आज अकरा घरं झाली. माझी पाच, व्हर्नाची सहा. प्रत्येक घरी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. आता वेलदोड्याचा वास नको झालाय.

तिसऱ्या घरी नवऱ्यानेच दार उघडलं. "आम्ही भरून पाठवलाय फॉर्म. ही कामावर जाते, घरी येते. आणखी काय हवं?"

आतून आवाज आला, "घरी येते ती कुठून कुठून येते ते सांगितलंस का?"

"कुठून म्हणजे?"

"खाटकाकडून. तुझ्या पाठीच्या गोळ्या आणायला दवाखान्यातून. तुझ्या बहिणीच्या पोरीला शाळेतून घेऊन, तिला सोडून. बसा हो बाई, याला जाऊ द्या लाकडं आणायला."

"लाकडं आहेत."

"मग आणखी आण."

तिने त्याला बाहेर काढेपर्यंत मी हसू दाबत ओठ चावून बसले होते. तिच्या नावापुढे फॉर्मात दोन फेऱ्या होत्या. आज निघाल्या सहा.

१५ नोव्हेंबर, बुधवार

चौदा घरं. बर्फ गुडघ्यापर्यंत.

एक बाई, माझ्याच वयाची, सगळं सांगून झाल्यावर तिने कपबशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "दर मंगळवारी मी दोन थांबे आधी उतरते. सरोवराशी बाकावर अर्धा तास बसते. मग पुढची बस. हे धरता का तुम्ही?"

"धरतो."

"कारण काय लिहाल?"

"तुम्ही सांगाल ते."

तिने बराच विचार केला. "लिहा, वैयक्तिक." आणि एकदम हसली, जणू आपल्याला असं काही असू शकतं हे तिला आत्ताच कळलं.

घरी येताना बसमध्ये तिचाच विचार करत होते. राइनोच्या कारणापुढची ती कोरी जागा आठवली. शेवटच्या थांब्यावर काय आहे? वळसा घालायची जागा, एक टपरी, आणि तिथून खाली दिसणारा धक्का.

२० नोव्हेंबर, सोमवार

राइनोचं काहीतरी बिनसलंय. गेले आठ-दहा दिवस सकाळी साडेपाचला थर्मास भरून बाहेर पडतो, संध्याकाळी येतो. वाटतं, युनियनच्या हॉलात पुरुष त्याला माझ्यावरून बोलत असतील. परवा मम्मूच्या शेजारचा म्हातारा ओरडलाच होता, "राइनो, तुझी बायको आमच्या बायकांना बोलायला शिकवतेय!"

त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. माझ्यामुळे त्याला लाज वाटत असेल तर? कामही गेलं, त्यात ही बायको.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

चाळीस घरं पूर्ण. फॉर्मात बाईमागे दिवसाला सरासरी दोनसुद्धा फेऱ्या नव्हत्या. त्यांनी स्वतः सांगितल्या त्या चारांहून जास्त. घरात असलेल्या पुरुषांनाही त्यांचा दिवस विचारला होता, त्यांचे आकडे मात्र जिथल्या तिथे! पुरुषांनी स्वतःचं अगदी बरोबर लिहिलंय. बसच्या फेऱ्या तेवढ्या वेगळ्या काढून सगळ्या भागाला लावल्या, तर नऊ नंबरमध्ये रोज साधारण साडेपाचशे वेळा कुणीतरी बाई चढते. तक्ता म्हणत होता दोनशे दहा.

व्हर्नाने मला खुर्चीवरून उठवून गोल फिरवलं. ब्रँडविकसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

"एम्स काय म्हणेल सांगू? म्हणेल, बायकांना बस हवीय, म्हणून वाढवून सांगितलं."

"बसचं नावसुद्धा काढलं नव्हतं, साहेब."

"गल्लीत बातमी काढावी लागते का, बाई?"

त्यांचंही खरं. नवऱ्याने कमी सांगितलं की बायकोने जास्त सांगितलं, हे तिसऱ्या कुणीतरी ठरवायला हवं. प्रवासी मोजायला माणसं नेमायची म्हटली तर तेवढी तरतूद नाही, आणि वेळ तर नाहीच.

५ डिसेंबर, मंगळवार

जेवताना राइनो अचानक म्हणाला, "मांडीवरचं मूल तुमच्यात धरतात का?"

"कशात?"

"माणसांत."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "पाच वर्षांखालचं नाही धरत." त्याने मान हलवली आणि बटाटा घेतला. कुठून काय मनात येतं याच्या!

१३ डिसेंबर, बुधवार

उद्या सुनावणी. बोलायचं ते सहा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी पहिलंच वाक्य खोडलं, कारण पहिलं वाक्य 'चूक माझी' हे आहे. ते गाळून सगळं सांगता येईल का? येईल. पण मग इतरांनी आपल्याबद्दल खरं लिहावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मम्मू म्हणाली, "घाबरू नकोस. नाहीतर मी चालत जाईन." तिचं वय ऐंशी, आणि चढण मैलभर.

१४ डिसेंबर, गुरुवार

उशीर झालाय, तरी आजच लिहायचंय.

सकाळी दहाला सभागृह भरलेलं होतं. पुढे मंडळाचे सातजण, मध्ये अध्यक्ष थर्स्टन, जुने लाकूड-व्यापारी, एक कान जरा कमी. डॉ. एम्स आधी बोलले, नीट, स्वच्छ, तक्ते दाखवून. मग माझं नाव पुकारलं.

पहिलं वाक्य म्हटलं. "घरटी एकच फॉर्म ही सूचना माझी होती, आणि ती चुकली." सभागृहात कुणीतरी खोकलं. नंतरचं मात्र सुचत गेलं. अकरा घरं, चौदा घरं, पंधरा घरं. दोन फेऱ्या आणि चार फेऱ्या. नऊ नंबरमध्ये तक्त्यात दोनशे दहा बायका, आमच्या हिशेबाने साडेपाचशे. मी म्हटलं, यात कुणी खोटं बोललेलं नाही. आम्ही एकाला दुसऱ्याचा दिवस विचारला आणि त्याने त्याला ठाऊक होता तेवढा सांगितला.

डॉ. एम्स उठले. "मिसेस कोस्केलांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण या बायकांना विचारण्याचं कारण ठाऊक होतं. स्वतःच्या सोयीची गोष्ट माणूस वाढवून सांगतो, हा आपल्या शास्त्रातला पहिला धडा. चाळीस घरांच्या आठवणींवर बस चालवायची का?"

ब्रँडविकसाहेब बुटांकडे पाहत होते. मी कागद गोळा करायला लागले.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. राइनो उभा होता. धक्क्यावरचा जाड कोट, हातात काळी वही. तो आलाय हेच मला माहीत नव्हतं.

"मी बोललो तर चालेल?" त्याने विचारलं. सभेत तो आयुष्यात कधी बोललेला नाही.

"आपण कोण?" अध्यक्षांनी कानामागे हात धरला.

"राइनो कोस्केला. धक्क्यावर एकवीस वर्षं रेल्वेने येणारे खनिजाचे डबे मोजले. आता काम नाही." त्याने श्वास घेतला. "बसला असतो नऊ नंबरमध्ये. आधी नुसताच बसायचो. सौनात हिने सांगितलं, तेव्हापासून मोजतो. कामाचे तेवीस दिवस. गाड्या दोनच आहेत, एक दिवस पहिलीत बसतो, दुसऱ्या दिवशी दुसरीत. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पाच वर्षांखालची पोरं नाहीत धरली."

मी हातातले कागद घट्ट धरून उभी. ती साडेपाचची वेळ, तो थर्मास, ते मांडीवरचं मूल! दिवसभर लोकांच्या फेऱ्या वाचणारी मी, आणि माझ्या घरातली एक फेरी मला वाचता आली नव्हती.

"आकडा?" अध्यक्ष म्हणाले.

"दोन्ही गाड्या मिळून, दिवसाला बायका सरासरी पाचशे त्रेचाळीस वेळा चढतात. मी हिचा कागद पाहिलेला नाही. हिने माझी वही पाहिलेली नाही."

व्हर्ना मागून किंचाळलीच.

अध्यक्ष वाकून म्हणाले, "पण कोस्केला, हलणाऱ्या बसमध्ये एकच बाई दोनदा मोजली गेली नसेल कशावरून?"

"साहेब, खनिजाचे डबे सगळे सारखे दिसतात, तरी एकवीस वर्षांत मी एक दोनदा मोजला नाही. बायका तर सारख्या दिसतही नाहीत."

असा हशा झाला की अध्यक्षांना हातोडा आपटावा लागला. डॉ. एम्स चालत राइनोकडे गेले, वही मागितली आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले. दिवस, वेळ, थांबा, पाच-पाचच्या उभ्या रेघा. पुष्कळ पानं उलटली त्यांनी. मग चष्मा काढून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, माझा तक्ता मी मागे घेतो. ही मोजणी आणि मिसेस कोस्केलांची पाहणी माझ्या अहवालात त्यांच्या नावांनी जातील."

मोठा माणूस. मी त्यांच्याविषयी मनात जे म्हटलं होतं ते इथे लिहिलेलं नाही, बरं झालं.

मतदान पाच विरुद्ध दोन. नऊ नंबर राहिली. शिवाय दुपारच्या दोन फेऱ्या वाढवल्या, आणि वसंतातल्या पुढच्या पाहणीत बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतंत्र पान, ज्याचं त्याने भरायचं, असाही ठराव झाला. ब्रँडविकसाहेबांनी माझा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की शेवटी मीच सोडवून घेतला.

पायऱ्यांवर राइनोला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ती तुझी मोजणी झाली असती. दोन वेगळ्या हव्या होत्या ना? म्हणून तर तू चढलीस की मी मागच्या बाकावर टोपी ओढून बसायचो."

मग कोटाची बटणं लावत म्हणाला, "आधी बसायचो ते... घरी बसवत नव्हतं, एल्मा. तिथून धक्का दिसतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि त्याच्या कोपरात हात घातला, भर रस्त्यात.

२ जानेवारी १९७९, मंगळवार

उणे एकवीस. पावणेसातची नऊ नंबर वेळेवर आली. आत इतक्या बायका की दार दोनदा आपटावं लागलं. कुणी रात्रपाळीचे पाय चोळतेय, कुणाच्या मांडीवर बादली आणि फडकी, दोघी मागे कुणाच्या तरी सुनेवर बोलतायत. एकीने मला ओळखलं आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं. मग सगळ्याच बोलायला लागल्या, चालकसुद्धा आरशातून बघून काहीतरी म्हणाला, पण त्या गलक्यात ऐकू आलं नाही. मला बसायला देण्यासाठी मात्र कुणी उठू शकलं नाही, उठायलाही जागा नव्हती. कचेरीपर्यंत पट्टा धरून उभी राहिले.